पाण्याचं पासबुक

‘मला माहीत नव्हतं’ हे मराठी भाषेतलं सर्वांत गुणकारी वाक्य आहे. हळदीसारखं ते कशावरही चालतं. गृहपाठ राहिला? ‘सर, माहीत नव्हतं.’ मेव्हणीच्या वाढदिवसाला फोन करायचा राहिला? ‘अगं, मला माहीतच नव्हतं!’ दुसऱ्या वर्गाचं तिकीट खिशात ठेवून पहिल्या वर्गात सापडलात? ‘साहेब, हा फर्स्ट क्लास आहे हे माहीत नव्हतं.’ या वाक्याचा मोठा गुण असा, की ते उच्चारणारा माणूस गुन्हेगार राहत नाही, थोडासा बिचारा होतो. याला वेळेवर कुणी सांगितलं नाही ही आपलीच चूक, असं समोरच्याला वाटू लागतं.

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यामुळे या वाक्याचे जेवढे राग आणि रागिण्या मी ऐकल्या आहेत, तेवढ्या गाण्याच्या क्लासातही कुणी ऐकल्या नसतील. त्यातला बडा ख्याल जामीनदाराचा. ‘कर्ज माझ्या साडूचं हो, मी फक्त सही केली. आपल्यालाच भरावं लागतं हे मला माहीत नव्हतं.’ मग बँक नोटीस पाठवते. नोटीस आली की जामीनदार ती घेतच नाही. पोस्टमन बिचारा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लखोटा परत आणतो आणि जामीनदार सुटकेचा श्वास टाकतो. त्याला वाटतं, वाचलंच नाही म्हणजे कळलंच नाही. कायदा मात्र आपल्यापेक्षा बेरकी. नोटीस घ्यायला नकार दिला की ती बजावली गेली असंच तो धरून चालतो. कारण उघड आहे. लखोट्यात काय आहे हे ज्याला पक्कं ठाऊक असतं, तोच लखोटा नाकारतो. आत लॉटरीचं बक्षीस असावं अशी नुसती शंका असती, तर याच गृहस्थानं पोस्टमनला चहा पाजला असता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे पाणी. आता तुम्ही म्हणाल, पाण्याचा आणि नोटिशीचा काय संबंध? सांगतो. मी मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला राहतो. मिठी नदीपासून चालत दहा मिनिटं. ‘नदीकाठी राहतो’ असं सांगितलं की गावाकडच्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर घाट, देऊळ आणि कळशी घेतलेल्या बायका उभ्या राहतात. मग ते एकदा येऊन जातात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. विहार तलावाचं ओसंडलेलं पाणी, त्यात पवईचं मिळालेलं पाणी, असं करत ही नदी सुमारे १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीत जाते. वाटेत तिच्यावर विमानतळ आहे, कारखाने आहेत, वस्त्या आहेत आणि खारफुटीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या कचेऱ्या आहेत. २००५ सालापर्यंत आमच्यातले निम्मे लोक तिला नालाच म्हणत. ती नदी आहे हे तिनं स्वतः येऊन सांगितलं.

तो दिवस २६ जुलै २००५. मी नुकताच नोकरीला लागलेलो, शाखा फोर्टात. फोर्टात नेहमीसारखा पाऊस. कुलाब्याच्या वेधशाळेत २४ तासांत पाऊस नोंदला गेला सुमारे ७४ मिलिमीटर. जुलै महिन्यात एवढ्याला मुंबईकर छत्रीही मनापासून उघडत नाही. आणि त्याच २४ तासांत सांताक्रूझला पडला ९४४ मिलिमीटर. शहर एक, पाऊस दोन! त्यात दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती. मी त्या रात्री दादरला एका अनोळखी माणसाच्या घरी पिठलं-भात खाऊन सतरंजीवर झोपलो. त्याचं नावही विचारायचं राहिलं. मुंबईत आणि महाराष्ट्रात त्या पावसानं शेकडो माणसं गेली. दुसऱ्या दिवशी कमरेएवढ्या चिखलातून घर गाठताना जो भेटेल तो एकच वाक्य म्हणत होता, ‘असं होईल हे कुणाला माहीत होतं?’

आता इथे जरा थांबायला हवं. कारण माहीत होतं. ९४४ मिलिमीटर पडतील हे कुणाला माहीत नव्हतं, ते खरंच. पण गटारं पुरी पडणार नाहीत हे ठाऊक होतं. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस पोटात घेईल अशा हिशेबाची होती. ती ५० मिलिमीटरची करा, असं सांगणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाचा अहवाल १९९३ साली तयार झाला होता. म्हणजे पुराच्या आधी १२ वर्षं! अहवालाचं नावच असं होतं की ते वाचताना निम्मी माणसं दमली असावीत. योगायोग पाहा. त्याच १९९३ साली आपल्या माधवराव चितळ्यांना पाण्यावरच्या कामासाठी स्टॉकहोमचं जागतिक पारितोषिक मिळालं. आणि पूर येऊन गेल्यावर त्याची कारणं शोधायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच. आपण जाणत्या माणसाला विचारतो नक्की. फक्त पाणी ओसरल्यावर विचारतो.

तेव्हापासून पुलाखालून बरंच पाणी गेलं आणि काही वेळा पुलावरूनही गेलं. आता शहरात ठिकठिकाणी आपोआप मोजणारी पर्जन्यमापकं बसली आहेत, त्यामुळे कुलाब्याचा पाऊस कुर्ल्याच्या नावावर जमा होत नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं महापालिकेबरोबर ‘आयफ्लोज’ नावाची व्यवस्था सुरू केली. कुठल्या भागात पाणी साचेल याचा अंदाज ती तीन दिवस आधीपर्यंत देऊ शकते.

हे कसं चालतं ते मला माझ्या भाच्यानं समजावलं. तो नगररचना शिकला आहे, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून नद्या पाहतो. ‘मामा, तुम्हांला बँकेच्या भाषेत सांगू का?’ असं विचारून त्यानं सुरुवात केली, पण पुढची भाषा माझीच आहे. विमानातून किंवा उपग्रहावरून जमिनीचा चढउतार मोजतात. इंचाइंचाची उंची-सखली कॉम्प्युटरात भरतात. मग त्यात नाले, गटारं, इमारती, झाडं, मोकळी जमीन आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक घालतात. हे सगळं झालं की पडद्यावर खोटा पाऊस पाडतात आणि खरं पाणी कुठे जाईल ते बघतात.

आमच्या लेजरात बसवायचं तर असं. पाऊस म्हणजे जमा. जमिनीत मुरलं ती मुदत ठेव. तळ्यात, विहिरीत राहिलं ते बचत खातं. गटारातून समुद्राला गेलं ते खर्ची. शहर वाढतं तसतशी आपण मुदत ठेवीची खिडकी सिमेंट लावून बंद करतो, तळी बुजवून बचत खाती गोठवतो आणि आलेली सगळी रक्कम त्याच मिनिटाला रोखीनं काढायला लावतो. समुद्राची खिडकी तर दिवसातून दोनदा, ऐन भरतीला, बंद! मग पाणी बिचारं टोकन हातात धरून कुठे उभं राहणार? तुमच्या-माझ्या तळमजल्यावर.

नुसतं एवढंच असतं तर मी भाच्याला शाबासकी देऊन झोपलो असतो. पण त्यानं सहज म्हणून आमच्या सोसायटीचा नकाशा उघडला. त्यावर मागच्या अंगणातून, जांभळाच्या झाडाखालून, एक निळी रेघ तिरपी जात होती.

‘हे काय रे?’

‘पाणी इथून जातं, मामा. जमिनीचा उतारच तसा आहे. कधीकाळी ओढा असणार.’

आता आमच्या सोसायटीत नेमका त्याच अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून अकरा गाड्या लावायचा ठराव यायचा होता. मी खजिनदार. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीत खजिनदार व्हावंच लागतं, जसं दाढीवाल्याला नाटकात ऋषी व्हावं लागतं. माझ्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे. त्यामुळे मी गाड्यांच्या विरोधात बोललो तर तो मत्सर, आणि बाजूनं बोललो तर लाचारी ठरणार हे उघड होतं. म्हणून मी बोललो काहीच नाही. भाच्यालाच सभेत बोलावलं आणि भिंतीवर चादर लावून नकाशा दाखवायला सांगितला.

खोटा पाऊस पडला. निळं पाणी अंगणात शिरलं, घुटमळलं आणि तळमजल्याच्या चार घरांत गेलं. मग भाच्यानं अंगणात पडद्यावरच पेव्हर ब्लॉक बसवले आणि पुन्हा तोच पाऊस पाडला. या खेपेला पाणी घुटमळलंही नाही. सभा दोन मिनिटं चिडीचूप. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एवढी शांतता फक्त वर्गणी मागितल्यावर होते.

मग आमचे सेक्रेटरी उठले. भला माणूस. गणपतीत सगळ्यांत आधी येतो, सगळ्यांत शेवटी जातो. ते म्हणाले, ‘फारच सुंदर नकाशा आहे. मुलानं मेहनत घेतली आहे. फक्त हे मिनिट्समध्ये घेऊ नका.’

‘का हो?’

‘उद्या पाणी घुसलं, तर सोसायटीला माहीत होतं असं होईल.’

वाचकहो, तत्त्वज्ञान मी कधी शिकलेलो नाही. मी बी. कॉम., आणि तेही सेकंड क्लास. पण मोठमोठ्या ग्रंथांत ज्यावर पानंच्या पानं खर्ची पडत असतील, तो प्रश्न सेक्रेटरींनी चहाचा कप खाली न ठेवता मांडला होता. कळल्यावर माणूस बांधला जातो का? आणि बांधलं जाऊ नये म्हणून न कळून घेण्याचा त्याला हक्क आहे का? सेक्रेटरींना पाणी नको होतं असं नाही. त्यांना नोंद नको होती. पोस्टमनला दार न उघडणारा माझा जामीनदार आणि ते सख्खे भाऊ निघाले.

आमच्या शाखेतले निवृत्त हेडकॅशियर म्हणायचे, ‘पाहिलेली चूक जो लिहून ठेवत नाही, ती त्याची होते.’ मी लागलो तेव्हा शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. संध्याकाळी हिशेब जुळला नाही की अकरा रुपयांसाठी सगळी शाखा आठ वाजेपर्यंत बसायची. कुणीतरी नवखा म्हणायचा, ‘साहेब, मी घालतो खिशातून अकरा रुपये.’ ते म्हणायचे, ‘पैसे नकोत, फरक कुठला ते पाहिजे.’ तेव्हा हसू यायचं. पण आता वाटतं, फरक कुठला ते बघायला तयार असणं हीच निम्मी नीती आहे. उरलेली निम्मी बघितल्यानंतरची.

सभेत खरी गंमत यानंतरच झाली. दारापाशी बाकावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी बसल्या होत्या. जन्मापासून याच भागातल्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, एवढ्यासाठी चादर कशाला लावलीत? इथं व्हाळच होता. आम्ही लहानपणी चिंबोऱ्या धरायचो. बिल्डिंग झाली तेव्हाच मी सांगितलं होतं.’

‘मग त्याची नोंद कशी नाही?’ सेक्रेटरींनी विचारलं.

‘घर मुलाच्या नावावर. मी मेंबर कुठं आहे?’

मला वाटतं, त्या एका उत्तरात सगळ्या शहराचा नकाशा आहे. पाणी कुठून जातं हे कोळ्याला ठाऊक होतं, मिठागरवाल्याला ठाऊक होतं, ओढ्याकाठी भाजी लावणाऱ्याला ठाऊक होतं. पण त्यांचं नाव मेंबरांच्या यादीत नव्हतं. आपण त्यांना विचारलं नाही आणि आता तेच उपग्रहाकडून विकत घेतो. कॉम्प्युटरानं नवीन काय केलं? त्यानं आजीच्या म्हणण्याला रबरी शिक्का मारला. हे काम लहान नव्हे. आपल्या देशात शिक्क्याशिवाय सूर्यसुद्धा उगवला असं धरत नाहीत.

पण शिक्का मिळाला म्हणजे न्याय मिळाला असं नाही, हे मात्र मी काउंटरमागे शिकलो. हिशेब जुळणं वेगळं आणि हिशेब बरोबर असणं वेगळं. दोन्ही बाजूंना सारखीच चूक असली तरी बेरीज जुळते! नदीकाठच्या त्या निळ्या पट्ट्यात पत्र्याची झोपडीही येते आणि काचेची कचेरीही येते. पाणी दोघांनाही सारखंच मोजतं. पण ‘ही जागा धोक्याची, इथून उठा’ हा लखोटा आधी कुणाच्या दारात जातो? हे काही कॉम्प्युटर ठरवत नाही. तो उंची सांगतो, उताऱ्यावर सही कुणाची ते बघत नाही. ते बघून नोटीस पाठवणारी माणसं वेगळी. तोच नकाशा हातात घेऊन एखाद्या वस्तीला वेळेवर शाळेत हलवता येतं, आणि तोच नकाशा दाखवून तिला कायमची उठवून मोकळ्या झालेल्या जागेचा भावही काढता येतो. सुरी कांदाही कापते आणि खिसाही. सुरीच्या दुकानदाराला दोष देऊन भागत नाही, पण सुरी कुणाच्या हातात आहे ते बघायला हवं.

भावावरून आठवलं. सभेत एका मेंबरांनी जांभळाचा विषय काढला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका तज्ज्ञ समितीनं झाडाची किंमत काढायची रीत मांडली होती. झाडाचं जेवढं वय, तेवढे वर्षाला ७४,५०० रुपये. प्राणवायू, खत, सगळं धरून. मी लगेच गुणाकार केला, सवयच आहे. जांभूळ तीस वर्षांचं, म्हणजे २२ लाख ३५ हजार! सभेत एकदम अदब पसरली. आजवर त्या झाडाखाली गाडी लावली की डाग पडतात म्हणून त्याला शिव्या खाव्या लागत होत्या. आता लोक त्याच्याकडे मॅनेजरकडे बघावं तसं बघू लागले. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, ‘एवढ्याला घेणार कोण पण?’

झालं! किंमत लावली की गिऱ्हाईक शोधायचं, ही आमची जात. तोडणाऱ्याचा हात थांबावा म्हणून किंमत सांगावी, तर तो भाव करायला बसतो. तरीसुद्धा मी म्हणेन, सांगावी. ज्या वस्तूपुढे आकडाच नाही, तिला आमच्या वहीत शून्य समजतात. शून्याला वाचवायला कुणी उठत नाही.

आणि आकड्यातून कधीकधी भलतंच काही उगवतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराच्या महापालिकेनं तिथल्या सत्तर हजारांवर झाडांना नंबर दिले, नकाशावर टाकली आणि २०१३ साली प्रत्येक झाडाला ई-मेलचा पत्ता दिला. हेतू साधा. फांदी मोडली, कीड लागली, तर नागरिकांनी तक्रार कळवावी. लोकांनी काय करावं? झाडांना प्रेमपत्रं लिहिली! एक-दोन नव्हे, हजारो. ‘रोज तुझ्याखालून जातो, बरं वाटतं’ अशा थाटाची. नोंदवही उघडली होती तक्रारींची आणि जमा झाली माया. आमच्या बँकेत तक्रारपेटी गेली अनेक वर्षं आहे, तिच्यात असलं काही निघाल्याचं ऐकिवात नाही.

तर सभेचं पुढे काय झालं? मी नकाशा मिनिट्समध्ये घेतला. आजींचं म्हणणंही, शब्दशः, चिंबोऱ्यांसकट. यात शौर्य काही नाही. पाहिलेली गोष्ट लिहिली नाही तर मला झोप लागत नाही, हा धंद्याचा रोग आहे. सेक्रेटरी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘लिहिलंतच आहे, तर आता सहा गाड्यांचं बघू. व्हाळाची पट्टी उघडी ठेवू, गवत लावू. नाहीतर उद्या माझ्याच नावानं बोटं मोडतील.’ म्हणजे त्यांना भीती वाटली होती तेच झालं. माहिती झाल्याबरोबर ते बांधले गेले. मला वाटतं, एवढ्या पुराव्यावर वरच्या तात्त्विक प्रश्नाचं निदान आमच्या सोसायटीपुरतं तरी उत्तर मिळायला हरकत नाही. शहाणपण माणसाला बांधत असेल-नसेल, पण मिनिट्स बांधतात.

गवत अजून लागलेलं नाही, हेही सांगायला हवं. ठराव झाला, अंदाजपत्रक आलं, आता सर्वसाधारण सभेची वाट बघणं चालू आहे. मिठीवरून, नाल्यांवरून, शहराच्या मोठमोठ्या आराखड्यांवरून जे चालतं त्याची ही छोटी आवृत्ती समजा. नकाशा तीन दिवस आधी सांगतो, मिनिट्स तीन महिने आधी सांगतात, १९९३ चा अहवाल तर १२ वर्षं आधी सांगत होता. पाणी मात्र काही सांगत नाही, ते थेट येतं. ते कर्जदारासारखं मुदत मागत नाही आणि बँकेसारखी मुदत देतही नाही.

एकंदरीत, ‘मला माहीत नव्हतं’ या वाक्याचे दिवस भरत आले आहेत. उपग्रहानं, लेझरनं आणि आमच्या भाच्यानं मिळून त्याचं खातं बंद करायला घेतलं आहे. आता माणसाला म्हणावं लागेल, ‘माहीत होतं, पण...’ आणि खरी अडचण तिथेच आहे. कारण त्या ‘पण’वर अजून कुणी सॉफ्टवेअर काढलेलं नाही. ते ज्याचं त्यालाच हातानं लिहावं लागणार, खोडाखोड न करता, आणि खाली सही करून.